नवव्या चंद्राचं शेवटचं पान

१

पुस्तक हातात आल्यावर वहिनींनी आधी त्याचा वास घेतला, मग पाठ निरखली आणि थेट शेवटचं पान उघडलं. आणि त्या गप्प झाल्या. नवल वाटलं की लोक स्वतःच्या तोंडात बोट घालतात; माझ्या वहिनींनी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घातली. दातांच्या डॉक्टर होत्या त्या. समोरच्याला बोलता येत नसताना एकटीनं गप्पा मारायची त्यांना इतकी सवय, की त्या गप्प बसल्या म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय असं घरात सगळे धरून चालतात.

"मामा," शेवटी त्या म्हणाल्या, "शेवटचं पान कुठंय?"

"कुठंय म्हणजे? आहे की!" दुकानदार मामा कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत आले. त्यांनी पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसले. पान नव्हतं. बांधणीच्या अगदी लगत, वरपासून खालपर्यंत, कुणीतरी ते सरळ कापून नेलं होतं.

हे दुकान जुन्या पुस्तकांचं. रस्त्यावरून पायऱ्या उतरून आत जायचं. डावीकडे शिवणकाम आणि कायदा, उजवीकडे परीक्षांची गाइडं, आणि पार आत, जिथे दिव्याचं बटण भिंत चाचपून शोधावं लागतं, तिथे वहिनींचं आवडतं कपाट. जुन्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. कागदी बांधणीची, कोटाच्या खिशात मावतील अशी पुस्तकं. मुखपृष्ठांवर हिरवे चंद्र, फाउंटनपेनसारखी यानं, गळ्यात पट्टा बांधलेले ड्रॅगन. दादा आणि वहिनी, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि त्याची बायको, लग्न झाल्यावर फिरायला म्हणून गावोगाव गेले आणि प्रत्येक गावात फक्त जुन्या पुस्तकांची दुकानं बघून आले. मी त्या संग्रहाला पूर्वी रद्दी म्हणायचो. आता म्हणत नाही. जगातल्या सगळ्यात स्वस्त कागदावर माणसांनी सगळ्यात लांबची स्वप्नं छापली, याचं मला हल्ली मनापासून कौतुक वाटतं.

या सगळ्यात दुर्मीळ पुस्तक म्हणजे 'नवव्या चंद्राचं दार'. 'धूमकेतू मालिके'तलं शेवटचं. त्यानंतर ती मालिका बंद पडली. लेखकाच्या जागी नुसतं 'एक खगोलप्रेमी' असं छापलेलं. दादाकडे त्याची एक प्रत आहे, तरुणपणी याच दुकानातून घेतलेली, पण तिला शेवटचं पान नाही. दादा ते पान जन्मभर शोधत राहिला. आता त्याची दृष्टी जवळजवळ गेली आहे. रोज संध्याकाळी वहिनी त्याला वाचून दाखवतात, आणि तो म्हणतो, "बाकी काही नको. तिचं पुढे काय झालं, तेवढं कळू दे."

म्हणूनच एका रिकाम्या होणाऱ्या घरातून पूर्ण प्रत आल्याचा मामांचा फोन आला, तेव्हा वहिनी चहा अर्धा टाकून निघाल्या होत्या.

"काल संध्याकाळी होतं हो पान," मामा कापऱ्या आवाजात म्हणाले. त्यांचे हातही कापतात. चहा पिताना निम्मा बशीत सांडतो. "काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं मी."

"अरे, पण किल्ली तर तू किटलीशेजारच्या खिळ्याला अडकवतोस," काउंटरमागून मामी म्हणाल्या. "अख्ख्या जगाला माहीत आहे." मामांच्या या बायकोला पंच्याहत्तरीतही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो. पुस्तकांना त्या कव्हरं घालत बसल्या होत्या.

वहिनींनी पर्समधलं भिंग काढलं आणि कापलेल्या जागेवर धरलं.

"पानं पिवळी आहेत, पण कापलेली कड पांढरी. नुकता तुटलेला दात असाच दिसतो, भाऊजी." त्यांनी मान वर केली. "हे काल-आजचं काम आहे. आणि परक्याचं नाही."

२

"मिळालं?" दादानं दार वाजताच विचारलं.

वहिनींनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "अहो, पुस्तक मिळालं. पान कुणीतरी कापून नेलंय."

 दादा हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही. "म्हणजे परत तिथेच येऊन थांबलो," तो म्हणाला.

मला संताप आला. मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचो. संशय घेण्याचा मी जन्मभर पगार घेतला आहे. मी तिथल्या तिथे दोन नावं घेतली. वहिनींनी ती ऐकून घेतली आणि त्या कपाटाकडे गेल्या. दादाची जुनी प्रत काढून त्यांनी नव्या प्रतीशेजारी ठेवली.

"दादाचं पान फाटलेलं होतं ना?" मी विचारलं.

"आम्हीही तसंच समजत होतो. इतक्या वर्षांत नीट बघितलंच नाही. नसलेल्या पानाकडे कोण बघतं?" त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "आता बघा."

जुन्या प्रतीतली कड तपकिरी पडली होती, पण ती फाटलेली नव्हती. तीही कापलेलीच होती, तशीच सरळ, आणि अगदी खाली पातं किंचित डावीकडे वळलेलं. नव्या प्रतीतही खाली तेच वळण होतं.

"एकच हात?" मी म्हणालो. "पण मधे तर उभं आयुष्य गेलं!"

"एकच हात," वहिनी म्हणाल्या. "आणि तेव्हाही तो त्याच दुकानात होता."

खुर्चीतून दादा म्हणाला, "अगं, शेवट वाच ना जरा. आहे तेवढा."

वहिनींना तो पाठ होता, तरी त्यांनी पुस्तकातूनच वाचला. वैमानिक ती. कप्तान तिच्या बरोबरीचा, जुना मित्र. नवव्या चंद्रावर कुणी बांधलं कुणास ठाऊक असं एक दार, आणि त्यापलीकडे काय आहे ते कुणालाच माहीत नाही. कप्तान तिला थांबवायला बघतो. "'अरे, तू थांब. मी बघून येते,' ती म्हणाली, आणि तिनं दार उघडलं."

"पुढे?" दादानं सवयीनं विचारलं.

३

माझा पहिला संशयित होता 'कात्रण'. हा गृहस्थ जुन्या जाहिराती जमवतो आणि खिशात कात्री घेऊन हिंडतो. 'नवव्या चंद्राच्या' शेवटच्या पानामागे टॉर्चच्या सेलची जाहिरात होती, हे मामांनीच सांगितलं होतं. आदल्या दिवशी तो दुकानातही येऊन गेला होता. माझ्या मते निकाल लागला होता.

"सेलची जाहिरात?" कात्रण खो-खो हसला. "अहो साहेब, ती 'धूमकेतू'च्या प्रत्येक पुस्तकात आहे! त्याच कपाटात निम्मी मालिका पडलीये, तिथून घेतली नसती का मी? एवढ्याचसाठी कुलपातलं पुस्तक कापायला मी काय वेडा आहे?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. येताना आम्ही दुकानात डोकावलो होतो, आणि बाकीच्या सगळ्या पुस्तकांतली सेलची जाहिरात शाबूत होती.

दुसरा संशयित 'कर्नल'. लष्कराशी त्याचा संबंध फक्त मिशांपुरता. पुस्तकांच्या बाबतीत वहिनींचा कट्टर प्रतिस्पर्धी. त्याच्या घरी पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद, उंचीप्रमाणे उभी, आणि खोलीत शिरताना चप्पलच नव्हे तर श्वासही बाहेर ठेवावा असं वातावरण. पण संग्रह असा, की मी दारातच थबकलो. भिंतभर रंगीत पाठी. दुसऱ्या कुणी फेकून दिलेल्या गोष्टीवर इतकं प्रेम करणारा माणूस अगदीच वाईट कसा असेल, असंही क्षणभर वाटून गेलं.

"मी मागितलं होतं ते पुस्तक," कर्नल गुरगुरला. "मामा म्हणाले, डॉक्टरांना शब्द दिलाय. संपला विषय. मिळालं नाही म्हणून मी पान कापीन? पुस्तकाचं? डॉक्टर, त्यापेक्षा मी स्वतःची मिशी कापीन!"

"तुमच्याकडे या पुस्तकाची एक प्रत आहे ना?" वहिनींनी विचारलं. "जरा दाखवा."

कर्नल घुटमळला. मग पिशवी उघडली आणि खाली बघत पुस्तक पुढे केलं. त्यालाही शेवटचं पान नव्हतं. खाली पातं डावीकडे वळलेलं.

"मामांच्याच दुकानातली. कुणाला सांगितलं नाही," तो पुटपुटला. "अपुरी प्रत म्हणजे नाक कापल्यासारखं."

"आणि नवी प्रत? ती तुम्ही बघितलीत?"

"काल संध्याकाळी. मामांनी हातात दिली. शेवटचं पान आहे की नाही तेवढं तपासलं आणि परत दिली. आपण संग्राहक लोक आधी तेच बघतो."

"वाचलं नाहीत?"

"वाचायचं काय त्यात? पान होतं!" मग थोडं आठवून तो म्हणाला, "एक ओळ तेवढी डोळ्यांपुढून गेली. ती त्या कप्तानाला म्हणते, 'अहो, चला आता घरी.' मग लग्नबिग्न असणार."

वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. "काय म्हणते? नीट आठवा."

"'अहो, चला आता घरी.' का?"

बाहेर पडल्यावर जिना उतरताना वहिनी हसत होत्या. "भाऊजी, चोर कोण ते अजून कळायचंय," त्या म्हणाल्या. "पण चोरी का झाली ते कळलं."

४

मला काही कळलं नव्हतं, आणि वहिनी सांगेनात. आम्ही पुन्हा दुकानात गेलो. मामा कुठलीशी पुस्तकं आणायला गेले होते. मामी पट्टी ठेवून कव्हराचा कागद कापत होत्या.

"या डॉक्टरीणबाई. सापडला का चोर?"

"अजून नाही. पण तुमच्या दुकानाचं नाव खराब होईल हो. लोक म्हणतील, इथे पुस्तकं कापतात."

"म्हणू देत. लोकांना काय, कुठूनही बोलायला मिळालं की झालं." मामींनी कागदाला घडी घातली. "पण एक सांगू? एवढं मनाला लावून घेऊ नका. पान गेलं, गोष्ट कुठे गेली? ती दार उघडते तिथपर्यंत आहे ना? मग झालं."

"तुम्ही वाचलंय वाटतं?"

"मी? छे! मला नाही बाई तुमच्या उडत्या तबकड्यांत गम्य. मी आपली विणकामाची पुस्तकं बघते."

वहिनींनी मान डोलावली. मग इकडचं तिकडचं बोलल्या, म्हणजे मामींच्या गुडघ्यांचं, मामांच्या हातांच्या कंपाचं. तेवढ्यात मामा गठ्ठा घेऊन धापा टाकत आले, आणि मामी ओरडल्या, "अरे, हळू! पायरी बघ तुझी!"

"मामा," वहिनी म्हणाल्या, "उद्या दुपारी दुकान थोडा वेळ बंद ठेवाल का? कर्नललाही बोलावते. मला सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे."

मामींचं पातं कागदावर थांबलं.

५

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण पुस्तकांच्या मधे दाटीवाटीनं बसलो. वहिनींनी तिन्ही प्रती काउंटरवर मांडल्या.

"भाऊजींना वाटलं, जाहिरातीसाठी कापलं. पण जाहिरात बाकीच्या पुस्तकांत तशीच आहे. मग वाटलं, जळून कापलं. पण कर्नलची स्वतःची प्रत अशीच कापलेली आहे. म्हणजे हे एका प्रतीवरचं वैर नाही. हातात येईल त्या प्रत्येक प्रतीतून कुणीतरी हेच एक पान काढतंय. तर मग प्रश्न असा, की या पानानं कुणाचं काय वाकडं केलंय?"

"पान काय वाकडं करणार?" कर्नल म्हणाला.

"तुम्हीच सांगितलंत की. अख्ख्या पुस्तकात ती मुलगी कप्तानाला 'अरे' म्हणते. वादळात 'अरे', भांडणात 'अरे', मरता मरता वाचतात तेव्हाही 'अरे'. आणि शेवटच्या पानावर एकदम 'अहो, चला आता घरी'! मी लग्न झाल्यापासून 'अहो' म्हणतेय. 'अहो' कुठे बसतं आणि कुठे बळंच बसवलेलं असतं, ते मला बरोबर कळतं. ते पान त्याच लेखणीचं नाही. दुसऱ्या कुणीतरी जोडलंय."

मामांचा चेहरा उतरला होता.

"आपण सगळे पानं मोजणारे लोक," वहिनी म्हणाल्या. "पान नाही म्हणजे पुस्तक अपुरं, असंच धरून बसलो. गोष्ट आधीच्या पानावर संपलीये, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. तसं सांगणारं माणूस मला एकच भेटलं." त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि ते माणूस म्हणतं, मी असली पुस्तकं वाचतच नाही. मामांचे हात आता कापतात, त्यांच्याकडून अशी सरळ रेघ निघणार नाही. या दुकानात तेव्हाही होता आणि आजही स्थिर आहे, असा हात एकच आहे. आणि बरोबरीच्या पुरुषाला सहज 'अरे' म्हणणारी बाईही एकच. मामी, 'एक खगोलप्रेमी' तुम्हीच ना?"



मामींनी ओझं उतरवल्यासारखा एक मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. कुणीतरी विचारलंत एकदाचं."

"तू?" मामा म्हणाले. "इतकी वर्षं तू कापत होतीस? मला बोलायचं तरी!"

"बोलून छापलेलं पान जातं का? कापल्यावर जातं." मग आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ही मालिका यानंच काढलेली. माझं पुस्तक छापायला गेलं आणि वितरकांनी याला घाबरवलं. बाई एकटी दारातून जाते आणि परत येत नाही, असलं कोण घेईल? शेवटचा एक कागद पुढून कोरा होता. यानं बसून लग्न लावून दिलं तिचं! मला कळलं ते छापून आल्यावर."

"मालिका बुडत होती गं," मामा कसेबसे म्हणाले. "मला वाटलं, तुझं पुस्तक तरी चालेल. नंतर लाज वाटली, म्हणून कुणी विचारलं तरी तो शेवट मी सांगितला नाही."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तुझ्याशी संसार केला. पण पानाशी नाही केला." त्यांनी वहिनींचा हात धरला. "हे पुस्तक तुम्हाला जायचं होतं, म्हणूनच घाई केली. तुमच्या यजमानांना वाचून दाखवता ना तुम्ही? म्हटलं, निदान त्यांच्या कानावर तरी ते पडू नये. पण ते इतके त्याचीच वाट बघतायत हे ठाऊक नव्हतं. चुकलं माझं."

पिशवीतून त्यांनी घडी न पडलेलं एक पिवळं पान काढलं आणि वहिनींपुढे ठेवलं. "घ्या. तुमचा हक्क आहे."

मी डोळे पुसत होतो. तेवढ्यात कर्नल खुर्चीतून उसळला. "थांबा! म्हणजे माझी प्रत अपुरी नाही? लेखिकेनं स्वतःच्या हातानं सुधारलेली प्रत आहे ती! मामी, सही... सही कराल का?"

६

त्याच संध्याकाळी मामा-मामी आमच्या घरी आले. वहिनींनी दादाला सगळं सांगितलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बसला होता. आवडत्या लेखकाला भेटायला माणूस नटतो, तसा. मामी आत आल्या तेव्हा तो अंदाजानं उठून उभा राहिला आणि हात जोडले.

"तुमच्या पुस्तकानं मला वेड लावलं," तो म्हणाला. "त्याच्या मागे मी कुठे कुठे हिंडलो आणि त्यापायी ही हजार पुस्तकं घरात आली. हिला विचारा."

"बसा हो," मामी म्हणाल्या. 

त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. मी ते वहिनींच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं, पण आज कप्तानाच्या आवाजातली भीती वेगळीच ऐकू आली, आणि तिच्या आवाजातली उत्सुकताही. "'अरे, तू थांब. मी बघून येते,' ती म्हणाली, आणि तिनं दार उघडलं."

मामी थांबल्या. दादा पुढे झुकून बसलेला होता.

"पुढे?"

"पुढे नाही. एवढंच लिहिलं होतं मी."

"पण ती 'येते' म्हणाली."

"निघताना कोण 'जाते' म्हणतं?" मामी हळूच म्हणाल्या. "आपण सगळे 'येते'च म्हणतो. यानं ते खरं धरलं आणि तिला परत आणली."

मामा कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. दादा मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता. मग त्याचे ओठ हलायला लागले, तो ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघत असावा.

"म्हणजे मी पूर्ण वाचलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

 वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. ते पिवळं पान त्यांच्या हातात होतं, आणि इतकी वर्षं त्याच्यासाठी धुंडाळलेली सगळी दुकानं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"अहो, पान आहे माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "त्यात ती परत येते. तुम्ही म्हणाल तर वाचते."

दादानं हात पुढे केला, पान चाचपलं, त्याची कापलेली कड बोटानं वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि ते परत वहिनींच्या ओंजळीत ठेवलं.

"नको," तो म्हणाला. "आत्ताच तर निघालीये. जाऊ दे तिला."